निवृत्तीनंतर मॉरिशस: जायचं दोघांनी, तयारी एकट्याला पुरेल अशी

मॉरिशसला जाऊन राहायचं ठरवलेल्या जोडप्यात बहुतेक वेळा सगळं एकाच्याच नावावर असतं. परवाना त्याच्या नावाचा, पेन्शन त्याची, बँकेचा ओटीपी त्याच्या फोनवर, भाडेकरारावर सही त्याची. दुसरी व्यक्ती 'अवलंबित' म्हणून सोबत जाते. तो माणूस महिनाभर रुग्णालयात पडला किंवा गेला, तर मागे राहिलेल्या व्यक्तीला त्या देशात राहण्याचा हक्कही उरत नाही, आणि तिच्या हातात पैसेही येत नाहीत. म्हणून खालचं प्रत्येक काम करताना एकच गोष्ट तपासा: उद्या हे दोघांपैकी कुणाही एकाला, दुसऱ्याच्या मदतीशिवाय, निभावता येईल का?

आधी राहून बघा

भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा न काढता पर्यटक म्हणून मॉरिशसला जाता येतं. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि खर्चाची तरतूद विमानतळावर दाखवावी लागते. पहिली मोठी भेट डिसेंबर ते मार्च या काळात ठेवा. बेट दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तिथला उन्हाळा, दमट हवा, मुसळधार पाऊस आणि चक्रीवादळं याच महिन्यांत येतात. जुलैत गेलात तर हवा इतकी सुखद असते की कुठलंही घर आवडून जातं. जानेवारीतल्या दमट रात्री ज्या घरात झोप लागते, ते घर राहण्यासारखं.

हॉटेलात उतरू नका. स्वयंपाकघर असलेलं घर महिन्याने भाड्याने घ्या, बसने हिंडा, दवाखान्यात एकदा साधी रक्ततपासणी करून बघा. दोघांपैकी एकाला समुद्र हवा असतो आणि दुसऱ्याला माणसं हवी असतात. हा फरक परवाना काढण्याआधी बोलून मिटवला पाहिजे.

परवाना

निवृत्त परदेशी नागरिकांसाठीचा निवास परवाना पन्नाशी ओलांडलेल्यांना मिळतो. अर्ज तिथल्या आर्थिक विकास मंडळाकडे, म्हणजे ईडीबीकडे, ऑनलाइन करायचा असतो. परवाना दहा वर्षांचा असतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. मुख्य अट पैशांची आहे: परवानाधारकाने ठरावीक रक्कम परदेशातून आपल्या मॉरिशसमधल्या बँक खात्यात आणत राहायची. अनेक वर्षं ही रक्कम महिन्याला 1,500 अमेरिकी डॉलर होती. आता हिशेब 2,000 डॉलरवर, म्हणजे वर्षाला 24,000 वर धरा, आणि अर्ज भरायच्या दिवशी ईडीबीच्या संकेतस्थळावरचा आकडा स्वतः वाचा. एजंटच्या पत्रकावरचा आकडा जुना असू शकतो.

इथे एक बारीक चूक महागात पडते. भारतातून बरोबर 2,000 डॉलर पाठवले तर वाटेतली बँक आपलं शुल्क कापते आणि खात्यात थोडे कमी जमा होतात. कागदावर अट मोडते. पाठवताना 'सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडून' हा पर्याय निवडा आणि तरीही पन्नास-साठ डॉलर जास्त पाठवा. प्रत्येक वेळची बँकेची पावती कागदावर छापून एका फाइलमध्ये लावा, कारण परवाना टिकवायचा असेल तर नियमित पैसे आल्याचा पुरावा लागतो.

आता महत्त्वाचा निर्णय. दोघंही पन्नाशीपुढचे असतील आणि दोघांनाही स्वतःचं पुरेसं उत्पन्न असेल (दोन पेन्शनी, किंवा पत्नीच्या नावे भाडं आणि व्याज), तर दोन स्वतंत्र परवाने काढा. खर्च वाढतो, दोघांच्या नावे वेगवेगळी रक्कम आणावी लागते, पण एक गेला तरी दुसऱ्याचा परवाना जागच्या जागी राहतो. ते शक्य नसेल तर ज्याचं उत्पन्न जोडीदाराच्या पश्चातही चालू राहील, त्याच्या नावे मुख्य परवाना घ्या. कुटुंबनिवृत्तिवेतन मूळ पेन्शनपेक्षा कमी असतं. त्या कमी रकमेत परवान्याची अट पुरी होते का, ते आत्ताच कागदावर मांडा. होत नसेल तर ती तूट भरून निघेल एवढी रक्कम मुदत ठेवींमध्ये आधीपासून अवलंबित जोडीदाराच्या नावावर असू द्या. परवाना नवा काढायची वेळ आली तर ती रक्कम तयार सापडते.

कागद: सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो

पासपोर्ट, जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला, फोटो, उत्पन्नाचे पुरावे, वैद्यकीय तपासण्या. यादी छोटी आहे, पण साठ-सत्तर वर्षांच्या मराठी जोडप्यासाठी तिच्यातल्या दोन गोष्टी अडतात.

जन्मदाखला. गावी घरात झालेल्या जन्माची नोंद अनेकदा झालेलीच नसते आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख गुरुजींनी अंदाजे लिहिलेली असते. आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत शोध घ्या. नोंद नसेल तर 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला घ्या आणि उशिरा नोंदणीसाठी अर्ज करा. एक वर्षापेक्षा जुन्या जन्माच्या नोंदीसाठी सक्षम दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. 2023 मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा बदलल्यापासून हे काम महसूल यंत्रणेकडे आलं आहे. याला काही महिने लागतात, म्हणून सुरुवात इथून करा.

विवाहाचा दाखला. लग्नपत्रिका आणि अल्बम चालत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचीही नोंदणी आज महाराष्ट्रात करता येते. दोघांचे ओळखीचे व राहण्याचे पुरावे, साक्षीदार, पत्रिका नसल्यास प्रतिज्ञापत्र, हे घेऊन विवाह निबंधकाकडे जायचं.

आणि नावं. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. मधलं नाव कुठे वडिलांचं, कुठे नवऱ्याचं. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडे-तिकडे. मॉरिशसच्या अधिकाऱ्याला आपली नावांची पद्धत ठाऊक असेल असं धरू नका. पासपोर्टवरचं नाव हे प्रमाण माना आणि बाकी सगळे कागद त्याला जुळवून घ्या. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव राहणारच, त्यासाठी विवाहाच्या दाखल्यावर लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही पूर्ण नावं आली आहेत ना, हे नोंदणीच्या वेळीच पाहा. राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रत जोडा.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि मूळ कागदावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकार लावतं ते प्रमाणपत्र, घ्या. भारत आणि मॉरिशस दोन्ही देश हेगच्या अपोस्टिल करारात आहेत, त्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. आधी मुंबईत मंत्रालयाच्या पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, असा क्रम आहे. लॅमिनेट केलेल्या कागदावर अपोस्टिलचा स्टिकर लागत नाही. अशा दाखल्याची नवी प्रत काढा. प्रत्येक दाखल्याच्या दोन मूळ प्रती घ्या. एक भारतात विश्वासू माणसाकडे राहू द्या.

वैद्यकीय तपासण्यांमध्ये छातीचा एक्स-रे, हेपटायटिस बी आणि एचआयव्हीची रक्ततपासणी असते. जुन्या क्षयरोगाचा डाग एक्स-रेवर दिसतो. पूर्वी उपचार झाले असतील तर ते पूर्ण झाल्याचा कागद बरोबर ठेवा.

पैसा कसा न्यायचा

भारताचे रहिवासी असेपर्यंत उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे एलआरएसमधून, माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. त्यात 10 लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतलेला कर, कापते. डॉलरला 90 रुपये धरले तर 24,000 डॉलर म्हणजे 21 लाख 60 हजार रुपये. त्यातले 11 लाख 60 हजार मर्यादेच्या वर, म्हणजे 2 लाख 32 हजार रुपये टीसीएस. हा जादा कर नाही, विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर तेवढी रक्कम अडकते, म्हणून पहिल्या वर्षाच्या खर्चात ती वेगळी धरा. 10 लाखांची मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी असते.

कायमचं राहायला गेल्यावर मात्र चित्र पालटतं. परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी होता आणि एलआरएस तुम्हाला लागू राहत नाही. साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही, ते एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीच्या रुपयातल्या खात्यात, बदलून घ्यावं लागतं. पेन्शन, भाडं, व्याज, लाभांश हे चालू उत्पन्न कर भरून एनआरओमधून बाहेर पाठवता येतं. ठेवी मोडून किंवा घर विकून आलेला पैसा वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत पाठवता येतो. दोन्हीसाठी बँक कर भरल्याचा पुरावा आणि गरजेप्रमाणे सीएचं प्रमाणपत्र मागते. म्हणून निघण्याआधीच असा सीए गाठा जो अनिवासींची कामं रोज करतो.

एनआरओच्या व्याजावर 30 टक्के आणि वर उपकर इतकी करकपात होते. ज्येष्ठ नागरिकांचे फॉर्म भरून ती टाळता येत नाही. भारतातलं घर भाड्याने दिलं असेल तर भाडेकरूनेही अनिवासी मालकाच्या भाड्यातून कर कापून भरायचा असतो. भाडेकरूंना हे माहीत नसतं, आणि नोटीस आली की नात्यात कडवटपणा येतो. भाडेकरारात हे कलम स्पष्ट लिहा. पीपीएफचं जुनं खातं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासीला नवं खातं उघडता येत नाही. म्युच्युअल फंडांची केवायसी अनिवासी म्हणून बदला, नाहीतर पैसे काढायच्या वेळी व्यवहार अडतो.

मॉरिशसमध्ये वर्षात 183 दिवस राहिलं की तुम्ही करदृष्ट्या तिथले निवासी होता, आणि परदेशातलं उत्पन्न देशात आणलं की ते हिशेबात येतं. भारताशी दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. पेन्शन सरकारी आहे की खासगी यावरून उत्तर बदलतं, तेव्हा सीएला पहिला प्रश्न हाच विचारा.

तिथे भारतीय बँकांच्याही शाखा आहेत आणि फेब्रुवारी 2024 पासून यूपीआयही पोचलं आहे, पण रोजचा व्यवहार स्थानिक बँकेच्या कार्डावर आणि रोख पैशांवर ठेवा. खातं संयुक्त घ्या, आणि 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशा पद्धतीने चालेल असं बँकेकडून लेखी घ्या.

आता ओटीपी. भारतीय सिम बंद पडलं की बँक, आधार, आयकर, पेन्शन सगळंच बंद. दोघांची सिम वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवा, रोमिंग चालू करून घ्या, वर्षाचं रिचार्ज एकदम मारा. दोन वेगळे फोन, दोन वेगळी खाती. निघण्याआधी एक महिना घरातले सगळे व्यवहार, म्हणजे पैसे पाठवणं, बिल भरणं, विवरणपत्र उघडणं, ज्याने आजवर कधी केले नाहीत त्याने करायचे. दुसऱ्याने शेजारी बसायचं, हात लावायचा नाही. अडचणी मुंबईत किंवा कोल्हापुरात निघाल्या तर सुटतात. मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईत, रविवारी निघाल्या तर सुटत नाहीत.

हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात (ऐंशीपुढच्यांना ऑक्टोबरपासून) द्यायचा असतो. मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीने तो देता येतो, जमलं नाही तर पोर्ट लुईच्या भारतीय उच्चायुक्तालयातून. हे ॲप भारतात असतानाच दोघांच्या फोनवर बसवून चालवून बघा.

घर कुठे

पहिली दोन वर्षं भाड्यानेच राहा. परदेशी माणसाला तिथे ठरावीक योजनांतच घर विकत घेता येतं आणि ती घरं महाग असतात. शिवाय तिथली नागरी संहिता फ्रेंच धाटणीची आहे: बेटावरच्या स्थावर मालमत्तेत मुलांचा वाटा राखीव असतो. एक मूल असेल तर निम्मा, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश. 'माझ्यामागे घर बायकोचं' असं मृत्युपत्रात लिहून हा वाटा टळत नाही. हे समजून न घेता घेतलेलं घर मागे राहणाऱ्याला अडचणीत टाकतं.

समुद्रकाठी पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक आणि तामारिन कोरडे व उबदार, उत्तरेला ग्रां बे गजबजलेलं. पूर्व किनाऱ्यावर हिवाळाभर आग्नेयेचा वारा झोडपतो. मधल्या पठारावर क्यूरपीप साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथे पाऊस आणि ओल एवढी की संधिवाताच्या माणसाला ती जागा सुचवू नये. आमच्या मते वयस्कर जोडप्याला कात्र-बोर्न, रोझ हिल किंवा वाक्वा हा पट्टा सगळ्यात सोयीचा. पोर्ट लुई ते क्यूरपीप मेट्रो 2022 पासून पूर्ण धावते, ती याच गावांतून जाते. बाजार चालत गाठता येतो. मोठी खासगी रुग्णालयं मोका, फ्लोरेआल अशी पठारावरच आहेत. सत्तरीत गाडी चालवणं कधी तरी सुटणार, आणि दोघांपैकी एकालाच गाडी येत असेल तर किनाऱ्यावरचं घर दुसऱ्याला अडकवून ठेवतं.

घर बघताना नुसता नळ उघडून बघण्यावर थांबू नका. कोरड्या महिन्यांत पाणी दिवसाचे ठरावीक तासच येतं, म्हणून गच्चीवर निदान हजार लिटरची टाकी आणि चालू पंप हवा. 1960 च्या 'कॅरोल' वादळाने लाकडी घरं उडवून नेल्यावर तिथे काँक्रीटची सपाट छपरांची घरं वाढली. जुन्या पत्र्याच्या छपराखाली राहायला जाऊ नका. खिडक्यांना झडपा आहेत का, अंगणातलं पाणी कुठे जातं, न्हाणीघरात धरायला दांडा बसवू देतील का, हे विचारा. किनाऱ्यापासून पाचशे मीटरच्या आत फ्रिज, एसीचं बाहेरचं युनिट आणि कुलुपं खाऱ्या हवेने लवकर गंजतात. वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची आहे, पण प्लग इंग्लंडच्या तीन चौकोनी पिनांचा. मिक्सर आणि कुकर न्यायला हरकत नाही, प्लग बदलून घ्या. भाडेकरारावर दोघांची नावं आणि दोघांच्या सह्या घ्या. करार फ्रेंचमध्ये असेल तर इंग्रजी प्रत हातात आल्याशिवाय सही करू नका.

वादळ

मोसम नोव्हेंबर ते मे. इशारे चार पायऱ्यांचे. पहिला लागला की औषधं, पाणी, सुकं खाणं, रोख पैसे, विजेरी, गॅस भरून ठेवायचं. दुसऱ्याला टाकी काठोकाठ भरायची, गच्चीवरच्या कुंड्या आत घ्यायच्या, फोन चार्ज करायचे. तिसऱ्यानंतर घराबाहेर पडायचं नाही, कारण बस थांबतात, दुकानं बंद होतात. चौथा म्हणजे ताशी 120 किलोमीटरचे झोत सुरू झाले आहेत. मध्येच वारा एकदम पडला तर वादळाचा डोळा डोक्यावर आहे असं समजा. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने येतो. डायलिसिस किंवा ऑक्सिजनवर असलेल्या माणसाने पहिल्या इशाऱ्यालाच रुग्णालयाला फोन करावा. जानेवारी 2024 च्या 'बेलाल' वादळात पोर्ट लुईचे रस्ते बघता बघता पाण्याखाली गेले आणि गाड्या वाहून गेल्या. इशारा खालच्या पायरीचा आहे म्हणून गाडी घेऊन निघू नका.

तब्येत

रुग्णवाहिकेसाठी 114, पोलिसांसाठी 999, अग्निशमनासाठी 115. हे आकडे दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लावा, सोबत घराचा पत्ता फ्रेंचमध्ये. घाबरलेल्या माणसाला पत्ता सांगता येत नाही.

भारतातला आरोग्य विमा सहसा भारताबाहेर चालत नाही, तरीही तो बंद करू नका. परत यावं लागलं तर या वयात नवी पॉलिसी मिळणं अवघड, आणि मिळाली तरी आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मॉरिशसमधला खासगी विमा वेगळा घ्या आणि त्यात वयाची वरची मर्यादा, जुने आजार, आणि रुग्णाला भारतात किंवा शेजारच्या रियुनियन बेटावर हलवण्याचा खर्च ही तीन कलमं वाचा.

औषधं मूळ पाकिटात, घटकाचं नाव लिहिलेल्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध यांच्यासाठी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्या. अमली पदार्थांचा कायदा तिथे कडक आहे आणि वय बघून कोणी सोडत नाही. डेंगी आणि चिकुनगुन्या आहेत, म्हणून टाकीचं झाकण घट्ट हवं. खडकाळ किनाऱ्यावर रबरी बूट घालूनच पाण्यात उतरा. दगडासारखा दिसणारा विषारी मासा पायाखाली येतो.

मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्र

भारतातल्या मालमत्तेसाठी एक आणि मॉरिशसमधल्यासाठी तिथल्या नोटरीकडे दुसरं, अशी दोन मृत्युपत्रं करा. दुसरं करताना 'याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द' हे नेहमीचं वाक्य तसंच राहिलं तर पहिलं बाद होतं. त्याऐवजी 'फक्त मॉरिशसमधल्या मालमत्तेपुरतं' असं लिहून घ्या. मुखत्यारपत्र निघण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा. परदेशातून करून पाठवलं तर भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावं लागतं. मुखत्यारपत्र देणारा गेला की ते संपतं, म्हणून दोघांनी आपापलं वेगळं करा.

दहनाची सोय बेटावर आहे. मृत्यूचा तिथला दाखला अपोस्टिल करून घ्या, कारण भारतातली बँक, पेन्शन आणि फ्लॅटची सोसायटी सगळे तोच मागतात. पाच प्रती काढा.

माणसं आणि बाजार

रत्नागिरी, सावंतवाडी, वेंगुर्ला या भागातून एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या कुटुंबांचे वंशज आज मॉरिशसचे नागरिक आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांत मराठी शिकवतात. पण घरातली भाषा आता क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, आहे. जाल तेव्हा मराठीची परीक्षा घेऊ नका, 'बोंझूर' म्हणून सुरुवात करा आणि गणपतीच्या कामाला हात लावा. वाक्वा, कास्कावेल भागात मंडळं जुनी आहेत. पत्नीने आणि पतीने निदान एक ओळखीचं घर स्वतंत्रपणे जोडावं.

बाजारात शेवग्याचा पाला 'ब्रेद मुरुम' आणि अळू 'ब्रेद साँझ' नावाने मिळतो, तूर-मूग सहज मिळतात. बी-बियाणं, रोपं, ताजी फळं परवान्याशिवाय बरोबर नेऊ नका. विमानतळावर काढून घेतात.

परत यायचं झालं तर

महाराष्ट्रातलं घर पहिली दोन वर्षं विकू नका, आणि भाड्याने द्यायचं तर करार अकरा महिन्यांचाच ठेवा. परतताना वीज-पाण्याची खाती बंद करून अनामत परत घ्या, परवाना रद्द केल्याचं पत्र घ्या, आणि भारतात उतरल्यावर एनआरओ खातं पुन्हा निवासी करून घ्या. मॉरिशसमधली शिल्लक डॉलरमध्येच ठेवायची असेल तर बँकेत आरएफसी, म्हणजे परतलेल्यांसाठीचं परकीय चलनातलं, खातं उघडता येतं.